एका नाकाची जात

"नियम घेतलास ना, त्रिशला? मग आता तो बोलून दाखवायचा नाही. भगवंतापुढं बोललीस, तेवढं पुष्कळ झालं."

जैन बस्तीतून दर्शन घेऊन परतल्यावर हातातली पूजेची थाळी खाली न ठेवताच सासूबाई हे बोलल्या होत्या. त्रिशलाबाई मगदूम तेव्हा नव्या नवरी होत्या. आता सासूबाई नव्हत्या, यजमानही नव्हते, पण तो आवाज मात्र कानात तसाच होता. अष्टमी-चतुर्दशीचा उपवास त्यांनी आयुष्यभर असा केला की शेजारणीलाही कळू नये. घरच्यांना पानं वाढायची, 'मी बसते मागाहून' म्हणायचं, उकळून गार केलेल्या पाण्यावर दिवस काढायचा आणि दिवस मावळायच्या आत ओटा आवरून टाकायचा. औषधाची तेवढी सवलत ठेवली होती. मुलाला, अभयला, आई कधीमधी उपवास करते एवढंच माहीत होतं. कधी आणि कसा, हे त्यानं विचारलं नव्हतं.

म्हणूनच मदतनीस कुत्रे देणाऱ्या पुण्याच्या संस्थेतून आलेल्या केतकी बर्वेनं, "काकू, जेवणाच्या वेळा नियमित आहेत ना?" असं विचारलं तेव्हा त्रिशलाबाई हसून म्हणाल्या, "घड्याळ लावून घे माझ्यावर."

त्यात त्यांना खोटं काही वाटलं नाही.

केतकीच्या पायाशी राजस बसला होता. पांढराशुभ्र, रुंद छातीचा, शहाण्या डोळ्यांचा लॅब्राडॉर. सांगलीच्या त्या छोट्या बंगल्यात तो आला तो पाहुणा म्हणून नव्हे, पहारेकरी म्हणून.

दोन वर्षांपूर्वी त्रिशलाबाई स्कूटरवरून पडल्या होत्या. डोक्याची जखम भरली, पण मेंदूवर एक वण राहिला, आणि त्या वणापाशी अधूनमधून विजेचं वादळ उठू लागलं. गोळ्यांनी ते कमी झालं, थांबलं नाही. चालता-बोलता त्या कोसळायच्या. फिट येण्याच्या बऱ्याच आधी शरीरात गडबड सुरू झालेली असते आणि घामातून, श्वासातून काही ठरावीक रेणू बाहेर पडू लागतात. ते इतके थोडे असतात, की यंत्र त्यांची मोजदाद करेपर्यंत माणूस जमिनीवर पडलेला असतो. कुत्र्याला मात्र ते वेळेत कळतात.

"पण सगळ्या कुत्र्यांना नाही," केतकी सांगत होती. "नाकाच्या आत वास ओळखणारी शेकडो कुलुपं असतात असं समजा. ज्या किल्लीचं कुलूपच नाही, तो वास त्या कुत्र्यापुरता जगात नसतोच. आमच्या संस्थेनं पुष्कळ कुत्रे तपासून एक नर निवडला. फिटचा वास त्याला सगळ्यात लवकर कळायचा. त्याच्याच पेशींपासून हुबेहूब तसेच कुत्रे वाढवले, ती ही जात. राजस घ्या, नाहीतर कोल्हापूरचा, बेळगावचा दुसरा कुठला घ्या, नाक एकच. एकाला कळलं ते सगळ्यांना कळणार."

"आणि पांजरपोळातलं आणलं असतं तर?" अभयनं आईकडं बघत विचारलं. तो द्राक्षबागांवर ड्रोननं फवारणी करण्याचं काम करायचा, आणि मापात न बसणाऱ्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता.

"ते नशिबावर," केतकी म्हणाली. "त्याच्या नाकात काय आहे, ते त्याचं त्यालाच ठाऊक."

अभयचा टोमणा कुणासाठी होता ते त्रिशलाबाईंना कळलं. भाकड-जखमी जनावरं सांभाळणाऱ्या त्या पांजरपोळात मुगी नावाची एक कुत्री होती. भिजवलेल्या मुगाच्या रंगाची, एक कान फाटलेली. उन्हाळ्यात त्रिशलाबाई जनावरांना भाकरी घालायला गेल्या असताना तिथंच पडल्या, आणि त्याआधी ही कुत्री त्यांचा पदर धरून ओढत होती असं तिथल्या भूपाल अण्णांनी सांगितलं होतं. हिलाच घरी आणू या, असं त्रिशलाबाई एकदा बोलून गेल्या. "आई, भाकरीसाठी ओढत असेल गं ती," अभय म्हणाला, आणि तो विषय तिथंच संपला.

सगळा प्रश्न चिनूचा होता. अभयची दीड वर्षाची लेक. सून मृदुला मिरजेच्या रुग्णालयात एक्स-रे विभागात काम करायची. तिनं सासूला स्पष्ट सांगितलं होतं, "आई, तुमच्याइतकं तिचं कुणी करणार नाही, हे मला कळतं. पण ती कडेवर असताना तुम्ही पडलात तर? राजस घरात असेल तरच मी तिला तुमच्याकडं ठेवते. नाहीतर पाळणाघर."

राजस कामाला खरा उतरला. श्रावणात एकदा त्रिशलाबाई आमटी-भात जेवून उठल्या होत्या. त्यानं त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला आणि खालच्या आवाजात तीनदा भुंकला. त्यांनी चिनूला जाळीच्या पाळण्यात ठेवलं, गादीवर आडव्या झाल्या, आणि मग वादळ आलं नि गेलं. डोळे उघडले तेव्हा चिनू पाळण्यातून राजसच्या शेपटीला हात घालत होती. मृदुलानं त्या संध्याकाळी कुत्र्याला कुशीत घेतलं. घर सैलावलं.

भाद्रपदातली चतुर्दशी आली. सकाळची पूजा आटोपून दुपार कलल्यावर त्रिशलाबाई भाकऱ्यांचं गाठोडं, चिनू आणि राजस यांना घेऊन रिक्षानं पांजरपोळात गेल्या. उपवासाचा दिवस होता, पण अंगात शीण नव्हता. उलट हलकं वाटत होतं.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मुगी कुठूनशी धावत आली. आधी तिनं त्यांच्या पावलांभोवती एक फेरी घातली, मग पदराचं टोक दातात धरून खाली ओढलं.

"काय वैनी," भूपाल अण्णा गोठ्यातून ओरडले, "आमच्या मुगीला तुमचा नवा जावई पसंत न्हाई वाटतं."

"जावई कसला, घरातला हवालदार आहे तो. सोड गं. चिनू पडेल."

मुगी सोडेना. ती विव्हळत होती, पुन्हा पुन्हा आडवी येत होती. राजस शांत उभा होता. तो सावध झाला की लाल होणारा, त्याच्या पट्ट्यावरचा दिवा हिरवा होता. त्रिशलाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं शेपूट हलवली आणि सावलीत जाऊन बसला.

"अण्णा, हिला बाजूला घ्या बघू."

"मला घिऊ द्या तिला नाहीतर पोरीला, एक कायतरी," म्हणत अण्णांनी चिनूला उचललं. "लई ओढतीया. बसा तुम्ही जरा कट्ट्यावर."

त्रिशलाबाई बसायला वाकल्या, आणि पुढचं त्यांना आठवत नव्हतं.

जाग आली तेव्हा जिभेला रक्ताची चव होती. डोक्याखाली अण्णांचा टॉवेल होता. राजस कानशिलाशी नाक लावून बसला होता, अगदी शिकवल्याप्रमाणे. पट्ट्यावरचा दिवा अजून हिरवाच होता.

"पोरगी?"

"हाय की. वासरांस्नी नावं ठेवतीया." अण्णांनी गोठ्याकडं बोट दाखवलं.

कट्ट्याची कड दगडी होती. चिनू कडेवर असती तर तिचं डोकं नेमकं त्या कडेवर आलं असतं. त्रिशलाबाई त्या कडेकडं बघत राहिल्या.

घरी त्या काही बोलल्या नाहीत. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. सांगितलं की राजस जाणार आणि चिनू पाळणाघरात जाणार, हे दिसत होतं. रोज सकाळी मृदुला लेकीला त्यांच्यापाशी सोडून "येते हं आई" म्हणायची. दार लागलं की त्या चिनूला खाली सतरंजीवर ठेवायच्या आणि स्वतः हातभर लांब बसायच्या. चिनू दोन्ही हात वर करायची.

"खालीच बस गं सोन्या."

"घे."

"घेते हं, मग."

पोर रडायची, आणि त्या राजसच्या तोंडाकडं बघत जपमाळ ओढायच्या. जप होत नव्हता. राजस श्रावणात चुकला नाही, मग चतुर्दशीला कसा चुकला? वासच आला नाही त्याला, मुगीला मात्र आला. त्या दिवशी आपल्यात वेगळं काय होतं? उन्हाळ्यात पांजरपोळात पडलो तेव्हाही उपवासच होता. तिथं आपण जातोच मुळी उपवासाच्या दिवशी.

त्यांनी केतकीला फोन लावला.

"केतकी, एक विचारू? माणूस उपाशी असला तर त्याचा वास बदलतो का गं?"

"किती उपाशी, काकू?"

"आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या आत जेवायचं. मग दुसरा पूर्ण दिवस नुसतं पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी पारणं."

"तुम्ही करता?"

"अष्टमीला आणि चतुर्दशीला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू जेवणाचं विचारलंस. उपवासाचं नाही विचारलंस."

केतकीनं मग समजावून सांगितलं. पोटात अन्न नसलं की शरीर साठवलेली चरबी जाळतं. त्यातून निघालेले पदार्थ श्वासात, घामात उतरतात, आणि त्यांचा दर्प फिटच्या वासावर पांघरुणासारखा पसरतो. ज्याच्या नाकात दोन्ही वेगळे ओळखणारी कुलुपं आहेत, त्याला ते सुटे करता येतात. राजसच्या नाकात ती नसणार. "आणि त्याच्या नसतील तर एकाच्याही नसतील. आम्ही वासाचे सगळे नमुने रुग्णालयांतून घेतले. तिथं सकाळ-दुपार-संध्याकाळ ताट समोर येतं, काकू. तिथं कोण उपाशी असणार?"

"मग आता?"

"तुमच्यापुरतं सोपं आहे. उपवास सोडा. राजस बरोबर ओळखेल, कुणाला काही कळायचंही कारण नाही."

"बाकीच्या घरी आहेत ते कुत्रे? कोल्हापूर, बेळगाव म्हणालीस."

"तिथून कधी तक्रार नाही आली."

यायची नाहीच, त्रिशलाबाईंच्या मनात आलं. तिथंही कुणी सोमवार धरत असेल, कुणी रोजे. कुणी आपल्यासारखीच 'मी बसते मागाहून' म्हणत असेल. जी बाई पडली तिनंही तोंड मिटून घेतलं असेल.

"वर कळव तू," त्या म्हणाल्या.

"काकू, विचार करून सांगा. कळवलं की सगळी जात परत बोलावतील. राजससुद्धा."

"परत नेलेल्यांचं काय करतात?"

"ठेवत नाहीत, काकू. सुई देतात." मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या त्रिशलाबाई फोन हातात धरून भिंतीला टेकल्या. राजस येऊन त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून बसला. अजून कुणालाच काही माहीत नव्हतं. गप्प राहिलं तर हा जिवंत राहील, आणि कुठल्यातरी गावात कुणीतरी चुलीशी उभी असताना कोसळेल.

"कळव," त्या पुन्हा म्हणाल्या. "मी घरात सांगते."

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत सगळे जेवायला बसले. त्रिशलाबाईंनी वाढणं थांबवलं आणि सगळं सांगितलं.

मृदुलाचा घास हातातच राहिला. "चिनू कुठं होती?"

"माझ्याकडं. शेवटच्या क्षणी अण्णांनी घेतली."

"हे कधीचं?"

"चतुर्दशीचं."

मृदुला उठली, शेजारी खेळणाऱ्या चिनूला उचलून घट्ट धरलं आणि आत गेली. अभय ताटाकडं बघत म्हणाला, "आई, सोड ना ते उपवास. एवढं काय आहे त्यात?"

"श्वास सोड म्हटल्यासारखं आहे रे ते मला."

"आणि आमच्या पोरीचा श्वास?"

आतून मृदुलाचा आवाज आला. "तुम्ही उपवास केलात त्याचा राग नाही मला. रोज सकाळी मी तिला तुमच्या हातात देत होते, आणि तुम्ही घेत होतात."

"तेव्हापासून उचलली नाही मी तिला."

"हो. म्हणून ती माझ्याकडं आली की उतरतच नाही. मला वाटलं, दात येताहेत."

दुसऱ्या दिवसापासून चिनू मिरजेच्या पाळणाघरात जाऊ लागली.

केतकी लगेच सांगलीला आली. त्रिशलाबाईंच्या मनगटावर संस्थेनं दिलेली सुती पट्टी असायची. फिट येऊन गेली की ती काढून बरणीत घालायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. चतुर्दशीची पट्टीसुद्धा त्यांनी सवयीनं ठेवली होती. केतकीनं पांजरपोळाच्या अंगणात बरण्यांची ओळ मांडली. काहींत कोऱ्या पट्ट्या, एकीत श्रावणातली, एकीत चतुर्दशीची. मृदुलाही रजा टाकून आली होती; अभय दोघींना घेऊन आला होता.

राजस श्रावणातल्या बरणीशी थांबला, पंजा टेकवला. चतुर्दशीच्या बरणीवरून तो असा गेला, जणू तिथं काही नव्हतंच. बरण्यांच्या जागा पुन्हा पुन्हा बदलल्या, तरी तेच.

मग मुगीला सोडलं. तिनं सुरुवातीलाच एक बरणी लवंडली आणि केतकीच्या पिशवीत तोंड घातलं.

"घ्या, परीक्षा सोडून डब्यावर गेली," अण्णा म्हणाले.

पण चतुर्दशीच्या बरणीशी पोचताच ती ताठ झाली, विव्हळली, पंजानं माती उकरू लागली. जागा कितीही बदलली तरी तीच बरणी. श्रावणातल्या बरणीशी मात्र कधी थांबायची, कधी शेपूट हलवत पुढं जायची.

"हिनं काकूंना कायम उपवासाच्या दिवशीच पाहिलंय," केतकी म्हणाली. "तोच वास तिचा पक्का झालाय. दुसरा शिकेल, शिकणारच नाही असं नाही. पण आज तरी जेवल्या दिवशी हिचा भरवसा नाही."

"म्हणजे एकाला अर्धं कळतं आणि एकीला अर्धं," मृदुला म्हणाली. ती इतका वेळ हाताची घडी घालून उभी होती. "आई, दोन्ही दारात असतील त्या दिवशी चिनू तुमच्याकडं. एकटा हा नको, एकटी हीसुद्धा नको. आणि उपवास असेल तेव्हा मला आदल्या रात्री सांगायचं."

त्रिशलाबाईंनी मान हलवली. गेल्या कित्येक दिवसांत मृदुला त्यांच्याशी इतकं बोलली नव्हती.

पण राजसला न्यायला संस्थेची गाडी बाहेर उभीच होती.

"याला माझ्याकडं राहू दे ना केतकी. तो वाईट नाही. अर्धा तरी खरा आहे."

"मला अधिकार नाही, काकू. ज्यांच्या घरी उपवास नाही त्यांचेसुद्धा सगळे परत घेताहेत. संस्थेला नाव खराब करून घ्यायचं नाहीये." तिनं राजसचा पट्टा दोनदा ओढून बघितला, तो आवळलेला असूनही. मग आवाज उतरवून म्हणाली, "नव्या प्राणी कायद्यात एक कलम आहे. पांजरपोळानं जिवंत जनावर मागितलं तर नाकारता येत नाही. अण्णांची संस्था मागणी पाठवू शकते. पण ज्याच्या नावावर कुत्रा होता त्यानं स्वतः पुण्याला येऊन त्याला ताब्यात घ्यावं लागतं. आणि या शुक्रवारच्या आत."

"अभय, नेशील मला?"

अभयनं तोंड कसनुसं केलं. "आई, हा आठवडा तासगावच्या बागा सोडता येणार नाहीत. रविवारी नेतो."

"रविवारी तिथं काही असणार नाही," केतकी म्हणाली.

गाडीचं मागचं दार उघडं होतं. आत पिंजरे होते, आणि प्रत्येकात राजसच, पांढराशुभ्र, शहाण्या डोळ्यांचा. त्यांतला आपला कुठला हे क्षणभर त्रिशलाबाईंना ओळखू आलं नाही. मग एकानं शेपूट हलवली. त्यांनी जाळीतून बोटं आत घातली.

"येते रे मी न्यायला," त्या म्हणाल्या. "शुक्रवारच्या आत येते."

बाकीचे कुत्रेही त्यांच्याकडं बघत होते.

गुरुवारी सूर्य उगवल्यावर त्रिशलाबाईंनी सामायिकाचं ध्यान आटोपलं, पांढरी सुती साडी नेसल्या, उकळलेलं पाणी बाटलीत भरलं. आदल्या दिवशी अण्णांच्या मागणीपत्रासोबत पांजरपोळातून आणलेली मुगी दाराशी बसली होती. मृदुला कामावर निघायच्या तयारीत, चिनू कडेवर.

"आई, एकट्या जाणार? पुण्याला?"

"एकटी कुठं? ही आहे."

"पण हिचा तर…" मृदुला बोलता बोलता थांबली. स्वयंपाकघराकडं तिचं लक्ष गेलं. ओटा कोरडा होता. चहाचं भांडंसुद्धा चढलेलं नव्हतं. "काल रात्री उपवास म्हणालात ते यासाठी होय. अष्टमी आहे म्हणून आज निघालात."

"आज ही चुकणार नाही. आणि उद्या माझं पारणं झालं की परतीला राजस असेल."

मृदुलानं चिनूला पुढं केलं, हातात दिलं नाही, नुसतं जवळ आणलं. चिनूनं आजीच्या गालावर ओला हात ठेवला.

"पोचल्यावर फोन करा. मध्ये कऱ्हाडलासुद्धा करा."

एसटीत आता मदतनीस कुत्र्यांसाठी मागच्या आसनाशी जागा राखलेली असायची. कंडक्टरनं मुगीचा फाटका कान बघितला, गळ्यातला पांजरपोळाचा बिल्ला बघितला.

"मावशी, हे कुठल्या जातीचं म्हणायचं?"

"सांगता येत नाही."

"मग काम काय करतं?"

"मला पुण्याला नेतंय."

कंडक्टर हसून पुढं गेला. बस कृष्णेच्या पुलावर चढली तसं मुगीनं एकाएकी डोकं वर केलं. तिनं त्रिशलाबाईंच्या तळहाताचा वास घेतला, मग मनगटाचा, पुन्हा तळहाताचा. त्रिशलाबाईंनी पाण्याची बाटली बाजूला ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर मोकळे सोडून तिच्याकडं बघत राहिल्या.

मुगीनं पदर ओढला नाही; नाक काढून घेतलं आणि त्यांच्या पावलांवर डोकं टेकवलं. बस पूल उतरून उजेडात पुढं निघाली.